वाघीण आधी धावू द्या, भिंती नंतर: एचओ मापात बंद वाघीण शून्यापासून बांधताना

तुमचा प्रश्न मी असा समजलो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली उत्तर अमेरिकी लाकडी बंद वाघीण (मालगाडीचा बंद डबा), म्हणजे आत फळ्या आणि बाहेरून लोखंडी उभ्या-तिरप्या पट्ट्या असलेली, ती तुम्ही मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात (१:८७) स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटमधून बांधली. दिसायला छान झाली. पण दोन महिन्यांत दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या आणि सांध्यावरून (रुळ दोन वाटांना फुटतो तिथून) जाताना पुढची बोगी, म्हणजे चाकांचा फिरता सांगाडा, अख्खा डबा नव्हे, रुळावरून उतरते. आता गोंद बदलायचा, शीट जाड घ्यायची, की हे सोडून तयार डबा घेऊन त्यातच फेरफार करायचे?

गोंद आणि जाडी या दोन्हींनी फरक पडतो, त्यावर खाली लिहितो. पण तुमच्या वर्णनातलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: ‘बाजू, टोकं आणि छप्पर जोडून खोका तयार केला, मग त्याच्या मापाचा तळ कापून आत बसवला आणि शेवटी बोग्या लावल्या.’ दोन्ही तक्रारींचं मूळ तिथे आहे. खोक्यात जो काही पीळ आला असेल तो तळाने जसाच्या तसा घेतला आणि तळाने तो बोग्यांना दिला. वाघीण हे आधी वाहन आहे आणि मग खोका. म्हणून मी गेली वीसेक वर्षं तळापासून वर बांधतो, आणि तळ रुळावर नीट धावल्याशिवाय भिंतीचा पहिला काप घेत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. वाघीण कपाटात ठेवायची असेल तर वजन, कपलरची (डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याची) उंची, बोगीचं हलणं यांवर इतका वेळ घालवायची गरज नाही. चालवायची असेल तर तुमच्या लेआउटवरचं (मांडलेल्या मॉडेल रुळांवरचं) सगळ्यात तीव्र वळण किती आहे ते आधी मोजा. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर बोगी इतकी फिरते की तळाखालचे ब्रेकचे दांडे आणि पायऱ्या चाकांना घासू शकतात. ३० इंचांच्या वर हा प्रश्न सहसा येत नाही. एचओहून लहान अशा एन मापात काम करत असाल तर खालचे बरेच आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आता पहिला निर्णय: काय बांधायचं नाही. चाकं, अक्ष, बोग्या आणि कपलर मी कधीच घरी करत नाही. चाकाच्या कडेचा आकार आणि दोन चाकांमधलं अंतर या शतांश मिलिमीटरच्या गोष्टी आहेत. त्यासाठी नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचे, म्हणजे एनएमआरएचे ठरलेले निकष आहेत, आणि त्यांना धरून बनवलेली धातूची चाकं विकत मिळतात. ब्रेकची टाकी, व्हॉल्व्ह, सिलिंडर हेही तयार मिळतं. तुमच्या वाघिणीचं वेगळेपण तिच्या बाजूंत आहे. मेहनत तिथे घाला.

तयार डबा कापून-जोडून घ्यायचा की शून्यापासून बांधायचं, यासाठी माझी एक साधी कसोटी आहे. डब्याचे चार भाग धरायचे: बाजू, टोकं, छप्पर, तळ. हव्या असलेल्या वाघिणीशी यातले तीन जुळत असतील तर तयार डबा घ्यायचा आणि चौथा भाग बदलायचा. दोन जुळत असतील तर छप्पर किंवा टोकं तेवढी त्यातून उचलायची आणि बाकीचं स्वतः बांधायचं. एकच जुळत असेल तर कापाकापीत शून्यापासून बांधण्याइतकाच वेळ जातो आणि वर दुसऱ्याच्या मापांशी झगडावं लागतं. तुमच्या वाघिणीला टोकं आणि छप्पर तयार डब्यातून मिळण्यासारखी आहेत. बाजू मात्र बांधाव्याच लागतील, कारण उभ्या-तिरप्या पट्ट्यांची संख्या आणि अंतरं रेल्वे कंपनीगणिक वेगळी होती.

कापायची वेळ आलीच तर काप फळ्यांच्या चरातून, उभ्या पट्टीच्या मागून किंवा दाराच्या चौकटीला लागून घ्या. मोकळ्या सपाट जागेत घेतलेला काप कितीही लांबी भरून घासला तरी रंगाखालून डोकावतो. करवतीचं पातं रेषेवर चालवू नका. टाकून द्यायच्या बाजूला अर्धा मिलिमीटर सोडून कापा आणि रेषेपर्यंत काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासत या.

मापांबद्दल. आराखडा मिळाला तर उत्तमच. नाहीतर बाजूने काढलेला, शक्य तितका समोरचा फोटो घ्या आणि त्यात माहीत असलेली एक गोष्ट शोधा. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकी वाघिणींची चाकं ३३ इंच व्यासाची असत, एचओमध्ये ती ९.६ मिमी होतात. फोटोतल्या चाकावरून उंचीचा अंदाज येतो. वाघिणीच्या अंगावर आतली लांबी-रुंदी-उंची रंगवलेली असते, ती वाचता आली तर दुसरा आधार मिळाला. दोन्ही आधार एकमेकांशी जुळले नाहीत तर फोटो तिरका आहे असं समजा. अंतरं मी फळ्या मोजून पुन्हा पडताळतो, कारण एका बाजूच्या फळ्या साधारण सारख्या रुंदीच्या असतात.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक नवा माणूस करतो, म्हणून थांबून सांगतो. दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा नसतात, त्या सारख्याच असतात. अमेरिकी वाघिणीच्या कुठल्याही बाजूकडे तोंड करून उभे राहा, शिडी तुमच्या उजव्या टोकाला असेल. टोकाकडे तोंड केलं तर टोकावरची शिडी डावीकडे. हातब्रेक ज्या टोकाला असतो त्याला बी टोक म्हणतात आणि तो एकाच टोकाला असतो. म्हणजे एक बाजू बांधून दुसरी तिच्यावर पालथी ठेवून आखली की दुसरी हमखास चुकते. मी एकच साचा करतो, दोन्ही बाजू त्याच तोंडाने त्यावरून आखतो आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने ‘डावं’, ‘उजवं’ लिहून ठेवतो.

काळही ठरवून घ्या. १९३३पासून नव्या अमेरिकी वाघिणींवर एबी प्रकारचा ब्रेक आला. त्यात व्हॉल्व्ह, टाकी आणि सिलिंडर तळाखाली वेगवेगळे दिसतात. त्याआधीच्या के प्रकारात हे सगळं सहसा एकत्र, एकाच लांबट तुकड्यात असे. छपरावरची चालायची फळी १९६६ सालानंतरच्या नव्या बंद वाघिणींवर दिसत नाही. तुम्ही १९२०च्या दशकातली रंगसंगती आणि अक्षरं लावणार असाल तर तळाखाली एबी ब्रेक शोभणार नाही. तीच वाघीण १९४०च्या दशकात दाखवायची असेल तर मात्र बसवता येईल, कारण जुन्या वाघिणींचे ब्रेक नंतर बदलले गेले.

आता तळ. १ मिमी जाडीची शीट, चाळीस फुटी वाघिणीसाठी साधारण १४० मिमी लांब. लांबी आणि रुंदी ठरली की चारही कोपरे गुण्या लावून तपासा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो तळ फेका, दुरुस्त करत बसू नका. इथली तिरपाई पुढे छपरापर्यंत चढते. मधोमध खालून दोन समांतर पट्ट्या उभ्या चिकटवा. खऱ्या वाघिणीचाही मुख्य कणा तिथेच असतो, आणि मॉडेलला याच पट्ट्या सरळ ठेवतात. त्या चिकटवताना तळ काचेवर ठेवा, वर सपाट वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

मग बोग्यांचे आधार आणि कपलरच्या पेट्या. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मिमी उंचीवर हवा. डोळ्यांनी हे जमत नाही. केडी या कपलर बनवणाऱ्या कंपनीचा उंचीमापक रुळावर ठेवून बघा, किंवा नीट चालणाऱ्या तयार डब्याशी जोडून बघा. कपलर खाली आला असेल तर बोगी आणि आधाराच्या मध्ये पातळ चकती घाला, वर गेला असेल तर आधार घासा. पेटी वाकडी करून उंची जुळवू नका. वाकडा कपलर ओढताना डब्याचं तोंड उचलतो, आणि उचललेली बोगी सांध्यावर उतरते.

तुमच्या रुळावरून उतरण्याचं सगळ्यात संभाव्य कारण मात्र वेगळं आहे. तुम्ही दोन्ही बोग्यांचे स्क्रू सारखे घट्ट केले असणार. चार पायांचं टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगत नाही. वाघिणीलाही तीन पाय द्यायचे. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती फिरेल पण आजूबाजूला झुकणार नाही. दुसरीचा पाव ते अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती फिरेलही आणि दोन्ही बाजूंना किंचित डोलेलही. पहिली बोगी डबा उभा ठेवते, दुसरी रुळाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते. दोन्ही घट्ट असतील तर रुळ जरा खाली गेला की एक चाक हवेत राहतं, आणि सांध्यात नेमकं तेच चाक भलत्या बाजूला जातं.

एवढं झालं की या उघड्या तळावर तात्पुरतं वजन चिकटपट्टीने लावा आणि तो तुमच्या सगळ्या सांध्यांवरून दोन्ही दिशांनी चालवा. ओढून आणि ढकलूनही, कारण दोष ढकलताना जास्त उघडे पडतात. वजनासाठी एनएमआरएची आरपी-२०.१ ही शिफारस मी पाळतो: एचओमध्ये सुरुवातीचा १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. तुमची १४० मिमीची वाघीण साडेपाच इंच भरते, म्हणजे पावणेचार औंस, सुमारे १०६ ग्रॅम. हे बोग्या धरून एकूण वजन आहे. स्टायरीनचा डबा स्वतः फार हलका असतो, त्यामुळे बरंच वजन भरावं लागतं. ते तळाला लागून आणि बरोबर मध्याभोवती ठेवा.

वजनासाठी शिसं वापरत असाल तर पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नका. बंद जागेत त्या गोंदाच्या आम्लाने शिशावर हळूहळू पांढरी पूड धरते, ती फुगते आणि भिंती फोडते. माझ्या एका वाघिणीचा तळाचा जोड सहा वर्षांनी असाच उघडला, तोवर बाहेरून काहीच कळलं नव्हतं. आता मी पोलादी नट किंवा पट्ट्या एपॉक्सीने बसवतो. शिसं घेतलंच तर तेही एपॉक्सीनेच, आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुऊन.

आता तुमच्या ओढल्या गेलेल्या भिंती. तुम्ही लिहिलंय की अर्धा मिलिमीटर जाडीची चर पाडलेली शीट १ मिमीच्या साध्या शीटवर ‘भरपूर गोंद लावून पूर्ण पृष्ठभागावर’ चिकटवली. स्टायरीनचा पातळ गोंद हा खरं म्हणजे विद्रावक आहे. तो प्लास्टिक विरघळवतो, दोन पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि मग विद्रावक उडून जातो. कडेला लावलेला काही मिनिटांत उडतो. दोन रुंद शीटांच्या मध्ये अडकलेल्याला मात्र बाहेर पडायला वाट नसते. तो आठवडेच्या आठवडे पातळ शीट मऊ करत राहतो आणि हळूहळू बाहेर पडताना पृष्ठभाग आकसतो. दोन शीटांच्या जाड्या वेगळ्या, म्हणून त्या सारख्या आकसत नाहीत आणि जोडपत्रा वाकतो. वर तुमचा खोका चहूबाजूंनी बंद आहे, त्यामुळे आतली वाफ आतच कोंडली. गोंद कुठल्या कंपनीचा आहे याने यात थोडाच फरक पडला असता. प्रमाण आणि जागा यांनी मोठा फरक पडतो.

मी काय करतो ते सांगतो. मागच्या जाड शीटला चिकटवण्याआधी १५-२० मिलिमीटरवर भोकं पाडून घेतो. दोन शीटा कोरड्याच एकावर एक ठेवून गोंद ब्रशच्या टोकाने फक्त कडांना आणि त्या भोकांतून थेंबभर देतो. मग दोन काचांच्या मध्ये दाबून निदान आठवडाभर ठेवतो. घाई असेल तर जोडपत्रा करतच नाही. एकच १ मिमीची शीट घेतो आणि फळ्यांचे चर स्वतः पाडतो. त्यासाठी कटरच्या पात्याची पाठ वापरायची, धार नव्हे. धार प्लास्टिक फाकवते आणि चराच्या दोन्ही काठांना कंगोरे उठतात. पाठ प्लास्टिकची बारीक तार खरवडून काढते आणि चर स्वच्छ राहतो. खऱ्या फळीचा दिसणारा भाग सव्वापाच इंच असेल तर एचओमध्ये चरांमधलं अंतर दीड मिलिमीटर येतं. एकाच बाजूने खूप चर पाडले तर एकेरी शीटही थोडी वाकते. हाताने हलकेच उलट दिशेला वळवून ती सरळ करता येते.

भिंती तळावर उभ्या करताना आत दर ३५-४० मिलिमीटरवर १ मिमीचे आडवे पडदे घालतो. पडद्यांची रुंदी एकदा नक्की करायची आणि सगळे एकत्र धरून घासायचे, म्हणजे ते तंतोतंत सारखे होतात. हे पडदे भिंतींना आत येऊ देत नाहीत. प्रत्येक पडद्यात एक मोठं भोक आणि तळात कण्याशेजारी, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, दोन-तीन भोकं. डब्याला श्वास घ्यायला जागा ठेवलीच पाहिजे. लाकडी ठोकळे आत भरायचा मोह टाळा. लाकूड दमट हवेत फुगतं, स्टायरीन फुगत नाही, आणि त्या ताणात जोड सुटतात. गोंदाचं काम खिडकी उघडून करा, हे विद्रावक श्वासावाटे जास्त जाणं बरं नाही.

बाहेरच्या पट्ट्यांचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण वाघिणीचा चेहरा तिथे उमटतो. फोटोत तिरप्या पट्ट्यांची दिशा नीट बघा. दारापासून टोकाकडे बघत जा आणि प्रत्येक पट्टी कुठून कुठे जाते ते कागदावर काढा. प्रॅट पद्धतीच्या कैचीत (उभ्या-तिरप्या पट्ट्यांच्या सांगाड्यात) तिरप्या पट्ट्या मध्याकडे येताना खाली उतरतात आणि ताण घेतात. हाउ पद्धतीत त्या मध्याकडे येताना वर चढतात आणि दाब घेतात. दिशा चुकली तर माहीतगाराला वाघीण लगेच परकी वाटते, बाकी सगळं अचूक असलं तरी. आधी उभ्या पट्ट्या लावा, मग तिरप्या त्यांच्यामध्ये मापून कापा. वर-खाली जिथे पट्ट्या भेटतात तिथे जोडावर बसणारे छोटे पत्रे पाव मिलिमीटरच्या शीटचे करा. एचओमध्ये तेही जवळपास इंचभर जाडीचे ठरतात, त्यामुळे लावून झाल्यावर कडा पॉलिश पेपरने हलक्या करून घ्या. रिव्हेटसाठी रेझिनचे उठावदार ठिपके असलेले डिकॅल (चिकटवायचे पातळ छापील पापुद्रे) मिळतात. तुमच्या वाघिणीवर रिव्हेट मुख्यतः या जोडांवर लागतील, तेव्हा हा खटाटोप वाटतो तेवढा मोठा नाही.

हातकड्या वायरच्याच करा, डब्यावर कोरलेल्या किंवा जाड प्लास्टिकच्या नकोत. खरी हातकडी पाऊण इंच जाड धरली तर एचओमध्ये ती ०.२२ मिमी होते. मी चालवायच्या वाघिणींना ०.३ मिमीची फॉस्फर ब्राँझची तार वापरतो. मापापेक्षा ती जाड आहे, पण हाताळताना वाकली तरी परत जागेवर येते. पितळेची तार वाकली की वाकलेलीच राहते. अठरा इंची कडी सव्वापाच मिलिमीटर भरते. सगळ्या एकाच साच्यावर वळवा आणि भोकंही त्याच साच्यातून पाडा.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. रंगवण्याआधी वाघीण भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. अक्षरांआधी चकचकीत थर द्या, नाहीतर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतो. पट्ट्यांमधल्या अरुंद घरांत डिकॅल तुकडे करूनच लावावी लागतात. धूळ-गंज सगळ्यात शेवटी, चकाकी घालवणाऱ्या थरावर.

आता हातात असलेल्या वाघिणीचं काय. ती टाकू नका. छप्पर आणि टोकं कापून सुटतात का बघा, ती नव्या बाजूंना चालतील. वाकलेल्या बाजूंवरच्या पट्ट्या काढत बसू नका, पण त्यांची मापं घेऊन साचा करा, ती मेहनत तेवढी तरी वाचेल. बोग्या सोडवून ठेवा आणि नवा तळ आधी करा. तीन पायांच्या पद्धतीने स्क्रू लावून आणि वजन बांधून तो ज्या सांध्यावर गाडी उतरते त्याच सांध्यावरून वीस वेळा ढकला. तरीही उतरला तर कुठली बोगी, कुठल्या दिशेने जाताना आणि सांध्याच्या कुठल्या भागात उतरते ते लिहा, कारण मग दोष वाघिणीत नसून रुळात असण्याची शक्यता जास्त आहे.